डिस्क गोल्फ: आपल्या उन्हात आणि मुरमात कोणतं प्लास्टिक टिकतं?

मेहरूणकर (जळगाव), १६ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी. आम्ही सहा-सात जण दीड वर्षापासून गावाबाहेरच्या गायरानात दर रविवारी सकाळी डिस्क गोल्फ खेळतो. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोल्फच आहे, पण चेंडूच्या जागी तबकडी आणि भोकाच्या जागी साखळ्या लटकवलेली लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत घालायची. साखळ्यांची ही टोपली एड हेड्रिक या अमेरिकन माणसाची, १९७०च्या दशकातली. आमच्या चार टोपल्या आम्ही एका फॅब्रिकेशनवाल्या मित्राकडून करून घेतल्या आहेत.

आता मुद्दा. बहिणीचा मुलगा फिनलंडला शिकतो. तिकडे हा खेळ गावोगावी आहे. मार्चअखेर तो घरी येतोय आणि म्हणाला, मामा, पाच डिस्क आणतो, फक्त प्लास्टिक कोणतं ते कळव. इथेच माझं अडलं. आतापर्यंत आमच्याकडे इनोव्हा कंपनीचा नवशिक्यांचा संच होता: एव्हिअर (टोपलीजवळून टाकायची, म्हणजे पटर), शार्क (मधल्या पल्ल्याची, म्हणजे मिडरेंज) आणि लेपर्ड (लांब फेकायची, म्हणजे ड्रायव्हर), तिन्ही डीएक्स या स्वस्तातल्या प्लास्टिकच्या. दीड वर्षात त्यांच्या कडा करवतीच्या पात्यासारख्या झाल्या. माझी लेपर्ड सुरुवातीला सरळ जाऊन शेवटी थोडी डावीकडे यायची. आता जोरात फेकली की उजवीकडे पळते ती परतच येत नाही.

भाचा म्हणतो मऊ प्लास्टिक घे, कारण गारठ्यात कडक डिस्क हाताला लागते आणि पकडच बसत नाही. त्याचं त्याच्या जागी बरोबर असेल. पण मी तर मे महिन्यात खेळणार आहे! नेटवरचे सगळे सल्ले बर्फातल्या लोकांचे. आपल्या हवेत, आपल्या दगडांत खेळलेल्या माणसाचा अनुभव हवाय. एकदा आणलेल्या डिस्क दोन-तीन वर्षं तरी पुरवायच्या आहेत.

---

अमळनेरचे सर

मी शाळेत खेळ शिकवतो. गेली तीन वर्षं सातवी ते नववीची मुलं माझ्याकडे डिस्क फेकतात. माझं मत स्पष्ट आहे: डीएक्सच घ्या. अमेरिकेत एक डीएक्स साधारण १० ते १२ डॉलरला मिळते, स्टार किंवा चॅम्पियन ही इनोव्हाची महागडी प्लास्टिकं १८-२०च्या घरात. त्या पैशांत जवळजवळ दोन डिस्क येतात. हरवली तर पोराच्या डोळ्यांत पाणी येत नाही.

आणि तुम्ही ज्याला बिघाड म्हणता तो मला गुण वाटतो. घासून घासून डीएक्स बदलते, आधी सरळ होते, मग उजवीकडे वळायला लागते. ती लेपर्ड टाकू नका. तशीच एक नवी घ्या. एकाच साच्याच्या दोन डिस्क, एक डावीकडे येणारी, एक उजवीकडे जाणारी. मुलांना फेक शिकवताना मी हेच करतो. महाग प्लास्टिकची डिस्क वर्षानुवर्षं एकाच स्वभावाची राहते, आणि हात चुकला तरी ती बरंच सांभाळून घेते. डीएक्स चूक लगेच दाखवते. हात डीएक्सवरच तयार होतो.

वजनाकडेही लक्ष द्या. लहान हातांना आणि नवशिक्यांना १५० ग्रॅमची डिस्क १७५च्या डिस्कपेक्षा लांब जाते, हे मी रोज मैदानावर बघतो.

---

एमआयडीसीचा दाणेवाला (जळगाव)

सरांचा शिकवण्याचा मुद्दा मान्य. पण प्लास्टिकचं काम मी २२ वर्षं करतोय, इंजेक्शन मोल्डिंगचं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. जळगावात पाइप, ठिबक आणि चटईच्या पायी घरटी एक माणूस प्लास्टिकच्या दाण्याच्या धंद्यात सापडतो. त्यामुळे ही भाषा इथे कुणाला नवी वाटायची नाही.

पहिलं म्हणजे, कंपन्या आपला मसाला कुणालाही सांगत नाहीत. प्रत्येकीची नावं वेगळी, मिश्रण वेगळं. पण हातात घेऊन, वाकवून, नखाने दाबून पाहिलं तर ढोबळ दोन घराणी दिसतात. स्वस्तातलं 'बेस' प्लास्टिक, म्हणजे इनोव्हाचं डीएक्स, डिस्क्राफ्टचं प्रो-डी, डायनॅमिक डिस्क्सचं प्राइम आणि क्लासिक, लॅटिट्यूड ६४चं रेट्रो आणि झीरो. आणि 'प्रीमियम', जे मुख्यतः थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेन, आपण ज्याला टीपीयू म्हणतो. मोबाइलचं मऊ कव्हर असतं ना, त्याच कुळातलं. दगडावर आपटलं तर टीपीयू दबतं आणि पुन्हा जागेवर येतं. बेस प्लास्टिक दबतं ते दबलेलंच राहतं, त्याचा कपचा निघतो किंवा कडेला धारदार कूस उभी राहते. मेहरूणकरांच्या कडेची करवत झाली ती अशी.

प्रीमियममध्येही दोन जाती. आरपार दिसणारं, काचेसारखं, कडक: चॅम्पियन, डिस्क्राफ्टचं झी, लॅटिट्यूडचं ऑप्टो, डायनॅमिकचं ल्युसिड, वेस्टसाइडचं व्हीआयपी. दुसरं अपारदर्शक, हाताला थोडं चिकट: स्टार, डिस्क्राफ्टचं ईएसपी, लॅटिट्यूडचं गोल्ड, डायनॅमिकचं फ्युजन, वेस्टसाइडचं टुर्नामेंट. यातली ऑप्टो, ल्युसिड आणि व्हीआयपी ही तीन नावं वेगळी दिसली तरी माल मूळचा एकाच घरचा, स्वीडनच्या लॅटिट्यूड ६४चा. गोल्ड, फ्युजन आणि टुर्नामेंटचंही तसंच. भाचा तिकडच्या दुकानात उभा राहील तेव्हा त्याला हे कामाला येईल. एक नाव नसेल तर दुसरं उचलायचं.

आता खरी गंमत, जी बाहेर फार लोकांना कळत नाही. साचा तोच असला तरी प्लास्टिक बदललं की डिस्क बदलते. गरम रस साच्यात भरला की थंड होताना आकसतो. आम्ही त्याला श्रिंकेज म्हणतो, आणि दर दाण्याचं श्रिंकेज वेगळं. बाटलीचं झाकण एका दाण्यात घट्ट बसतं, दाणा बदलला की सैल होतं. तसंच डिस्कचं. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात ती पार्टिंग लाइन कडेवर बारीक रेघेसारखी दिसते. ही रेघ वर सरकली तर डिस्क हट्टी होते, लवकर डावीकडे वळते. खाली राहिली तर सरळ जाते. आकसण्यामुळे डोक्याचा घुमटही कमी-जास्त होतो. म्हणून चॅम्पियनमधली लेपर्ड सहसा डीएक्स लेपर्डपेक्षा हट्टी निघते. एकाच प्लास्टिकच्या दोन लॉटमध्येसुद्धा फरक पडतो. दुकानात दहा लेपर्ड असतील तर भाच्याला सांगा, टेबलावर पालथ्या ठेव आणि डोळ्याच्या रेषेत आणून कडेची रेघ बघ.

पीडीजीए, म्हणजे या खेळाची संघटना, तिच्या नियमात डिस्कचं वजन व्यासाच्या दर सेंटिमीटरला ८.३ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. ड्रायव्हरचा व्यास साधारण २१.२ सेंटिमीटर, म्हणजे १७६ ग्रॅमच्या आसपास कमाल. सर म्हणतात तसं आपल्याला तितक्या वजनाची गरज नाही. १६५ ते १७० मागवा.

---

तापीकाठची (भुसावळ)

दाणेवाले दादा, श्रिंकेजचं इतकं नीट पहिल्यांदाच कळलं. माझ्या दोन 'सारख्या' डिस्क वेगळ्या का उडतात याचं उत्तर मिळालं.

मेहरूणकर, मी भुसावळला खेळते. इथलं ऊन मी वेगळं सांगायला नको, मे महिन्यात ४४-४५ अंश म्हणजे रोजचंच. तुमच्या भाच्याचा सल्ला इथे उलटा पडतो. मी पहिल्या वर्षी जीस्टार घेतली होती, इनोव्हाचं मऊ, लवचीक प्लास्टिक. जानेवारीच्या सकाळी ती इतकी छान हातात बसायची की दुसरी नकोशी वाटायची. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात तीच डिस्क साडेनऊच्या उन्हात दहा मिनिटं गवतावर पडून राहिली आणि उचलली तर ओल्या भाकरीसारखी लवत होती. जोरात फेकताना बोटांखाली कडा दबते, सुटायच्या क्षणी डिस्क थरथरत निघते आणि दिशा जाते. मऊ प्लास्टिक गारठ्यासाठी आहे. आपल्याकडे ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी वापरा आणि मग कपाटात ठेवा.

दुसरं, गाडी. कृपा करून डिस्कची पिशवी गाडीत ठेवून जाऊ नका. बंद गाडीत उन्हात तापमान साठच्या वर जातं. माझ्या तीन डिस्क डिकीत एकमेकींवर तिरक्या पडून होत्या, संध्याकाळी काढल्या तर कडा वाऱ्याने वाकलेल्या पत्र्यासारख्या. एक बऱ्यापैकी सरळ झाली: गरम पाण्यात बुडवून, सपाट फरशीवर पालथी ठेवून वर जड पुस्तकं ठेवली आणि गार होऊ दिली. दुसऱ्या दोन अजून डगमगतात. तेव्हापासून पिशवी घरात, पलंगाखाली.

पकडीबद्दल माझा अनुभव असा. घामेजल्या हाताला चॅम्पियन मासोळीसारखी निसटते. स्टार धरून राहते. धूळ असेल तर दोन्ही निसटतात. मी पिशवीला एक जुना सुती बागायती रुमाल बांधलेला असतो, दर फेकीआधी कडेची आतली बाजू पुसते. प्लास्टिक बदलण्याआधी हे करून बघा, अर्धी तक्रार तिथेच संपते.

---

लळिंगचा वारा (धुळे)

राम राम भाऊ, बठ्ठं वाचं. आते मनं सांगस.

आम्ही लळिंगच्या बाजूच्या माळावर खेळतो. तिथे माती कमी आणि काळा दगड जास्त. सर, तुमच्या मैदानावर डीएक्स तीन वर्षं टिकते कारण मैदान शाळेचं आहे. आमच्याकडे नवी डीएक्स ड्रायव्हर सहा रविवारांत संपली. पहिल्याच दिवशी बसाल्टवर आपटली आणि कडेतून बोटभर कपचा गेला. तिथून पुढे ती कुठे जाईल याचा नेम नाही. हळूहळू घासून सरळ होणं वेगळं आणि एका जागी कपचा जाणं वेगळं. पहिलं तुमचं शिक्षण, दुसरं नुसतं नुकसान. चॅम्पियन तीन वर्षांपासून त्याच दगडांत आहे. ओरखडे आहेत, खाचा आहेत, पण आकार शाबूत.

मी ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो, त्यामुळे एक गोष्ट राहवत नाही म्हणून लिहितो. उन्हाळ्यात फक्त डिस्क मऊ होत नाही, हवाही पातळ होते. धुळ्याला थंडीत सकाळी १० अंश, मे महिन्यात दुपारी ४४. केल्व्हिनमध्ये २८३ आणि ३१७. दाब सारखाच धरला तर हवेची घनता या प्रमाणात घटते, म्हणजे जवळजवळ १० टक्के. पातळ हवेत डिस्कला उचल कमी मिळते आणि ती उजवीकडे वळायला तितकी तयार नसते, शेवटी डावीकडे लवकर पडते. उंच डोंगरावर खेळणाऱ्यांना येतो तोच अनुभव.

आता दाणेवाल्या दादांचं आणि माझं एकत्र करा. मे महिन्यात आधीच हट्टी असलेली चॅम्पियन आणखी हट्टी वागते. नवशिक्या माणूस ती फेकतो, ती वीस पावलं सरळ जाते आणि डावीकडे गवतात शिरते. त्याला वाटतं आपला हात कमी पडतो. हात कमी पडत नाही, निवड चुकलेली असते. मेहरूणकर भाऊ, तुमची ती घासलेली डीएक्स लेपर्ड उन्हाळ्यात पुन्हा फेकून बघा. थंडीत उजवीकडे पळणारी डिस्क मे महिन्यात सरळ गेली तर मला नवल वाटणार नाही.

---

अमळनेरचे सर

लळिंगचा वारा, दगडाचा मुद्दा मान्य करतो. माझं मैदान मातीचं आणि हरळीचं, ते मी धरूनच चाललो होतो. ज्यांच्याकडे खडक आहे त्यांनी ड्रायव्हर प्रीमियममध्येच घ्यावा. मात्र पटरबद्दल मी हटणार नाही. टोपलीजवळच्या डिस्कसाठी बेस प्लास्टिकच हवं. मोठे मोठे खेळाडूही पटर बेस प्लास्टिकचाच ठेवतात. एक तर पकड. दुसरं, साखळीला लागून ती तिथेच पडते. काचेसारखी कडक डिस्क साखळीवर आपटून उसळते.

---

मेहरूणकर

सर, पटरवर माझी अडचण वेगळी आहे. आमच्या टोपल्या घरी वेल्ड केलेल्या. साखळ्या बाजारातल्याच, पण कड्यांना जिथे टाका मारला तिथे वेल्डिंगचे टोकदार गोळे राहिलेत. माझा एव्हिअर दगडावर नाही, साखळीवरच फाटला. आत हात घालून बघितलं तर आमच्याही बोटांना लागलं.

---

एमआयडीसीचा दाणेवाला

मग त्यावर प्लास्टिक बदलण्याचा उपाय नको, टोपली दुरुस्त करा! ग्राइंडर आणि फ्लॅप व्हील घेऊन एका दुपारी चारही टोपल्यांचे गोळे घासता येतात. नंतर रेडऑक्साइड मारून वर रंग द्या, नाहीतर पावसाळ्यानंतर गंज कडेत अडकून डिस्कवर तपकिरी चट्टे देतो. बेस प्लास्टिकचा पटर मग चार-पाच वर्षं आरामात जाईल.

कडेवर कूस उभी राहिली तर बारीक पॉलिश पेपरने ती काढलेली पीडीजीएच्या नियमात चालते, पण घासून आकार बदलायचा नाही. मी १००० नंबरचा पेपर ओला करून फक्त उभे राहिलेले टोक काढतो.

---

सातपुड्याच्या पायथ्याशी (शहादा)

मध्येच विचारतो. आमच्या मैदानाशेजारून पाट जातो. दोन डिस्क वाहून गेल्या. तरंगणारं प्लास्टिक असतं का?

आणि दाणेवाले दादा, दुसरा प्रश्न. तुमच्याकडे एवढ्या मशिनी आहेत, मग इथेच का नाही डिस्क काढत? आम्ही पन्नास घेऊ.

---

एमआयडीसीचा दाणेवाला

तरंगणाऱ्या असतात. इनोव्हाची ड्रॅगन पाण्यावर तरंगावी म्हणूनच काढलेली आहे. ब्लिझर्ड चॅम्पियन म्हणून जात आहे, तिच्या प्लास्टिकमध्ये हवेचे बारीक बुडबुडे असतात, खूप हलक्या वजनातल्या तरंगतात. बाकी टीपीयूची घनता पाण्यापेक्षा बरीच जास्त, ती सरळ तळाशी जाते. वाहत्या पाटात तरंगणारी डिस्कसुद्धा पुढच्या गावात निघेल, म्हणून टोपली पाटापासून लांब हलवणं जास्त शहाणपणाचं.

इथे काढण्याबद्दल मनापासून सांगतो, मी विचार केलेला आहे. चटईचा दाणा पॉलिप्रॉपिलीन. तो घेतला तर डिस्क दिसायला होईल, पण कडक आणि ठिसूळ. दगडावर पडली की चिरेल, आणि उन्हात पॉलिप्रॉपिलीन लवकर म्हातारं होतं. ठिबकची नळी काळी असते ती दिसायला बरी म्हणून नव्हे, त्यात दोन-अडीच टक्के कार्बन ब्लॅक असतं जे उन्हापासून प्लास्टिक वाचवतं. काळी डिस्क केली तर ऊन सोसेल, पण तीच उन्हात सगळ्यात जास्त तापेल आणि नांगरलेल्या काळ्या मातीत दिसायचीही नाही. टीपीयूचा दाणा मिळतो, महाग आहे. तो हवेतली ओल ओढतो, मशीनला घालण्याआधी ड्रायरमध्ये नीट वाळवावा लागतो, नाहीतर मालात बुडबुडे आणि चंदेरी रेघा येतात. पावसाळ्यात तर जास्तच. आणि साच्याचा खर्च पन्नास डिस्कवर निघत नाही. हजारो काढल्या तरच तो अंगाबाहेर जातो. त्यातून पीडीजीएची मान्यता हवी असेल तर नमुने पाठवा, मोजमापं, फी. मुलांना खेळण्यापुरती, मान्यतेशिवाय काढायची असेल तर कधीतरी करू. ती इच्छा मी सोडलेली नाही.

वाया गेलेल्या प्रीमियम प्लास्टिकचं मात्र काहीतरी होतं. डायनॅमिक डिस्क्सचं बायोफ्युजन हे असंच पुन्हा दळलेल्या प्रीमियममधून येतं. आपण ज्याला रिप्रोसेस म्हणतो तेच. प्रीमियमपेक्षा थोडं स्वस्त, पकड चांगली, टिकाऊपणात बेसपेक्षा वरचढ. पटर आणि मिडरेंजसाठी मला ते आवडतं.

---

तापीकाठची

रंगाबद्दल कुणीच बोललं नाही आणि मला ते प्लास्टिकइतकंच महत्त्वाचं वाटतं. मी चार डिस्क हरवल्या, चारही रंगामुळे. आरपार दिसणारी चॅम्पियन कुठल्याही रंगाची घ्या, गवतात ती गवताचाच रंग घेते. मार्चनंतर आपल्याकडे माळ पिवळाधमक होतो, तेव्हा पिवळी आणि नारिंगी डिस्क डोळ्यांसमोर असून दिसत नाही. निळी किंवा गडद गुलाबी लगेच दिसते. पावसाळ्यात उलट, हिरव्यात निळी बुडते. गुलाबी बाराही महिने चालते. स्टारसारखं अपारदर्शक प्लास्टिक निवडायला हे एक कारण पुरेसं आहे.

शेजारी कपाशी किंवा ज्वारी उभी असेल तर डिस्क आत गेल्यावर शेतमालकाला विचारूनच आत जा. ज्या गावात आपण खेळतो तिथली माणसं आपल्यामुळे दुखावली जाऊ नयेत.

आणि मेहरूणकर, उन्हाळ्यात दिवसा खेळायचंच कशाला? आम्ही मे महिन्यात संध्याकाळी साडेसातनंतर खेळतो. ग्लो प्लास्टिकच्या डिस्क मिळतात, बॅटरीचा उजेड दाखवला की अंधारात हिरवट चमकतात. साध्या बॅटरीपेक्षा यूव्ही टॉर्चने भराभर चार्ज होतात. माझी ग्लो डिस्क त्याच साच्याच्या साध्या डिस्कपेक्षा कडक आहे आणि थोडी हट्टीही. पण रात्रीच्या गार हवेत ते जमून जातं. टोपलीला आतून एक छोटा दिवा बांधायचा.

---

लळिंगचा वारा

ताई, रात्रीचं खेळणं म्हणजे विंचू आणि साप. बूट घालूनच.

---

तापीकाठची

बूट आणि हातात बॅटरी, दोन्ही. आणि कुठेही हात घालण्याआधी उजेड. आमच्यातले दोघं शेतकरी आहेत, त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना हे बजावलं.

---

मेहरूणकर, २३ फेब्रुवारी

मंडळी, सगळं दोनदा वाचलं, भाच्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, मामा, मला वाटत होतं प्लास्टिक म्हणजे फक्त किंमतीचा फरक. त्याला कळवलेली यादी अशी. पटर बेस प्लास्टिकचा, एव्हिअरच, कारण हाताला सवय आहे. मिडरेंज बायोफ्युजनमध्ये काही मिळालं तर ते, नाहीतर गोल्ड. लेपर्ड स्टारमध्ये, गडद गुलाबी, १६५ ग्रॅमच्या जवळची, आणि रेघ बघून खालच्या रेघेची. एक चॅम्पियन किंवा ऑप्टो, आमच्या मुरमाड चौथ्या टोपलीसाठी आणि वाऱ्याच्या दिवसांसाठी, कारण वारा समोरून आला की तीच एक ताठ राहते. पाचवी ग्लो.

मऊ प्लास्टिक घेतलं नाही. थंडीचे तीन महिने जुन्या डीएक्सवर भागवू. आणि सर, ती जुनी लेपर्ड टाकलेली नाही.

टोपल्यांचे गोळे घासायला या रविवारी मित्राकडून ग्राइंडर आणतोय.

---

मेहरूणकर, १८ मे

पुढे काय झालं ते कळवतो. पाचही डिस्क आल्या, सहा आठवडे खेळून झाले.

लळिंगचा वारा, तुमचं गणित खरं ठरलं. जुनी घासलेली डीएक्स लेपर्ड सकाळी सहाला उजवीकडे पळते आणि नऊ वाजता, ऊन तापल्यावर, बरीच सरळ जाते. त्याच दिवशी, त्याच जागेवरून, दहा-दहा फेकी करून बघितल्या. माझ्या मुलीने वहीत लिहून ठेवलंय. प्लास्टिक मऊ झाल्यामुळे किती आणि हवेमुळे किती ते मला सांगता येणार नाही, पण फरक डोळ्यांना दिसतो.

स्टार लेपर्ड मला सगळ्यात जास्त आवडली. घामाच्या हातातही सुटत नाही, दगडाला लागली तरी फक्त पांढरट ओरखडा. चॅम्पियन अजून माझ्या हाताला जड जाते, डावीकडे लवकर पडते. तिला थंडी येईपर्यंत वाट बघायला लावतो.

चूक एक झाली. पहिल्या आठवड्यात भाच्याने नव्या डिस्कची पिशवी मोटारसायकलच्या डिकीत ठेवली आणि दुपारी आम्ही एका लग्नाला गेलो. मिडरेंजची कडा एका बाजूने वाकली. ताईंनी सांगितलेलं गरम पाणी आणि पुस्तकं करून ती नव्वद टक्के सरळ झाली.

ग्लो मात्र घरच्यांची लाडकी झाली आहे. संध्याकाळी शेजारची मुलं गोळा होतात, यूव्ही टॉर्चखाली ती धरतात आणि एकमेकांना हळू फेकतात. काल त्यातल्या एकाने विचारलं, काका, ही जळगावला बनते का?

---

एमआयडीसीचा दाणेवाला

त्याला सांगा, अजून नाही. आणि टीपीयूचे दोन किलो दाणे मी मागवलेत, साच्याचं ड्रॉइंग काढायला बसलोय. व्यास २१.२, कडा बोथट, वजन १४० ग्रॅम, लहान हातांसाठी. सर, मुलांच्या हाताची मापं पाठवाल का? अंगठा आणि तर्जनी यांच्यातलं अंतर, सातवीतल्या दहा-बारा मुलांचं तरी.

---

अमळनेरचे सर

शाळा १५ जूनच्या सुमारास उघडते. पहिल्याच आठवड्यात पाठवतो. मुलींचीही घेतो, त्यांचे हात लहान असतात आणि माझ्याकडे सगळ्यात लांब फेकणारी सध्या एक मुलगीच आहे.